दुर्खीमची एक तळटीप



बी. ए. च्या वर्गाला समाजशास्त्र शिकवताना एमिल दुर्खीम या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाच्या ‘आत्महत्या’ या ग्रंथाची ओळख दरवर्षी करून द्यावी लागते. परीक्षेत त्यावर प्रश्न हमखास येतो आणि आत्महत्येच्या चार प्रकारांचे उत्तर विद्यार्थी घोकून ठेवतात. विद्यार्थिदशेत मीही तेच केले होते. पण या ग्रंथातील एक लहानशी तळटीप पुढे माझ्या मनात घर करून बसली. त्या तळटीपेविषयी लिहावे असे बरेच दिवस मनात होते, म्हणून हा लेख.

आरंभ मात्र आपल्याच भागापासून करतो. कोणतेही मराठी वर्तमानपत्र उघडा. ‘पोटदुखीला कंटाळून विवाहितेची आत्महत्या’ असा मथळा आतल्या पानावर अधूनमधून दिसतो. या अंकाच्या कन्नड विभागाचे काम पाहणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांना मी विचारले, तेव्हा ते म्हणाले, “आमच्याकडेही तेच. ‘होट्टेनोवु’ सहन न झाल्याने.” भाषा दोन, पण कारण एकच! मग प्रश्न पडतो, आपल्याकडील इतक्या माणसांचे पोट खरोखरच इतके दुखते काय?

कारणाचा रकाना

हाच प्रश्न दुर्खीमने आपल्या परीने १८९७ साली विचारला. त्या काळी युरोपातील अनेक देशांत आत्महत्यांची सरकारी नोंद होत असे आणि त्या नोंदीत ‘कारण’ असा एक रकाना असे. दारिद्र्य, कौटुंबिक कलह, प्रेमभंग, व्यसन, आजार, अशी कारणे त्यात भरलेली असत. ही आकडेवारी तयारच असल्याने कारणे मोजली की काम झाले, असे कोणालाही वाटले असते. दुर्खीमने तो रकाना बाजूला ठेवला. त्याचे म्हणणे असे की, हे आकडे कारणांचे नसून, कारणांबद्दल अंमलदारांना काय वाटले त्याचे आहेत. मेलेल्या माणसाच्या मनात काय होते हे घाईघाईत चौकशी करणाऱ्या कनिष्ठ अंमलदाराला कसे कळणार? त्याने आणखी एक गोष्ट दाखवून दिली. शेतकरी आणि वकील-डॉक्टरांसारखे सुशिक्षित व्यावसायिक यांची जीवने अगदी वेगळी. तरी दोघांच्या नोंदींत त्याच त्या कारणांचे प्रमाण जवळजवळ सारखे होते. म्हणजे तो रकाना खरे काही सांगतच नव्हता.

मग त्याने पाहिले काय? एकेका माणसाचे मन वाचण्याऐवजी त्याने समाजाचे प्रमाण पाहिले. आत्महत्या ही व्यक्तीची सर्वांत खाजगी कृती. तरीही एखाद्या देशात दर लाख लोकांमागे वर्षाला किती आत्महत्या होतात हा आकडा वर्षानुवर्षे फारसा हलत नाही. माणसे दरवर्षी वेगळी, त्यांची दुःखे वेगळी, पण प्रमाण तेच राहते. आणि शेजारच्या देशाचे प्रमाण निराळे असले तर तेही तसेच टिकते. मग या प्रमाणाचे कारण व्यक्तीत शोधून कसे सापडेल? ते समाजाच्या घडणीतच शोधले पाहिजे. सामाजिक घटनेचे कारण सामाजिक घटनेतच शोधावे, हा नियम त्याने १८९५ साली आपल्या पद्धतिशास्त्रावरील ग्रंथात मांडला होता. दोन वर्षांनी आलेला ‘आत्महत्या’ हा त्या नियमाचा प्रयोग होता.

या प्रयोगामागे केवढे कष्ट होते पाहा. त्याचा भाचा मार्सेल मॉस, जो पुढे स्वतःच मोठा विद्वान झाला, त्याने मामासाठी सुमारे २६,००० आत्महत्यांच्या सरकारी नोंदी वाचून वय, लिंग, विवाह आणि अपत्ये यांनुसार हाताने वेगळ्या केल्या. हल्ली यंत्र हे काम क्षणात करील; पण कोणता प्रश्न विचारायचा हे त्या तरुणाच्या मामाने ठरवले होते, हे विसरता कामा नये.

तीन प्रकार, दोन सूत्रे

दुर्खीमचे सारे विवेचन दोन सूत्रांवर उभे आहे. पहिले सूत्र एकात्मतेचे, म्हणजे माणूस आपल्या गटाशी किती बांधलेला आहे याचे. दुसरे नियमनाचे, म्हणजे समाज त्याच्या इच्छांना किती मर्यादा घालतो याचे. या दोन्ही गोष्टी फार कमी झाल्या तरी घातक आणि फार जास्त झाल्या तरी घातक.

एकात्मता कमी पडली की जी होते तिला तो अहंकेंद्री आत्महत्या म्हणतो. प्रॉटेस्टंट वस्तीत आत्महत्यांचे प्रमाण कॅथलिकांपेक्षा जास्त आढळले. दोन्ही पंथ आत्महत्येला पाप मानतात, त्यामुळे शिकवणुकीतील निषेधाने हा फरक पडलेला नाही. कॅथलिक माणूस सामूहिक आचारांनी अधिक घट्ट बांधलेला होता, प्रॉटेस्टंट अधिक एकटा होता. कुटुंबाचेही तसेच. मुलाबाळांच्या मोठ्या कुटुंबातील माणसे अधिक सुरक्षित आढळली. युद्धकाळात आत्महत्या वाढतील असे आपल्याला वाटते. पण १८७०-७१ च्या युद्धात फ्रान्समध्येही त्या घटल्या आणि जर्मनीतही घटल्या. संकटाने लोक एकमेकांच्या जवळ आले होते.

एकात्मता अति झाली की माणसाला स्वतःचे असे मोल उरत नाही. ही परार्थवादी आत्महत्या. सैन्यातील शिपाई, जुन्या जमातींतील वृद्ध, ही तिची उदाहरणे दुर्खीम देतो. आणि भारतातील सती जाणाऱ्या विधवेलाही तो याच सदरात घालतो. या उदाहरणाकडे आपल्याला परत यायचे आहे.

नियमन कोसळले की तिसरा प्रकार येतो. त्यासाठी दुर्खीमने वापरलेला ‘ॲनॉमी’ हा शब्द जगभर रूढ झाला. आपण त्याला नियमशून्यता म्हणू. १८७३ साली व्हिएन्नाचा शेअरबाजार कोसळला. त्या शहरातील आत्महत्या १८७२ साली १४१ होत्या, १८७३ साली १५३ झाल्या आणि १८७४ साली २१६. यात नवल नाही असे कोणी म्हणेल, कारण लोक भिकेला लागले. पण एकीकरणानंतरच्या इटलीत भरभराट झाली, मजुरी वाढली, तेव्हाही आत्महत्या वाढल्याच. म्हणजे मारक ठरते ते दारिद्र्य नव्हे. काय मिळवावे आणि कोठे थांबावे याचे जुने माप एकाएकी मोडते, तेव्हा माणसाच्या पायाखालची जमीन सरकते.

चौथा प्रकार

या मांडणीत एक खण रिकामा राहतो हे हुशार विद्यार्थ्याच्या ध्यानात येईल. एकात्मता कमी, एकात्मता जास्त, नियमन कमी, आणि नियमन जास्त? या चौथ्या प्रकाराला दुर्खीमने स्वतंत्र प्रकरण दिले नाही. नियमशून्यतेवरील प्रकरणाच्या अखेरीस एका तळटीपेत त्याने तो उरकला. त्याला नाव दिले दैववादी आत्महत्या. ज्यांचे भवितव्य चारी बाजूंनी बंद झाले आहे आणि ज्यांच्या इच्छा जाचक शिस्तीखाली चिरडल्या गेल्या आहेत अशांची ही आत्महत्या. उदाहरणे तीन: गुलाम, फार लहान वयात लग्न झालेले नवरे, आणि मूल नसलेली विवाहित स्त्री. आजच्या काळात या प्रकाराला फारसे महत्त्व उरलेले नाही, असेही त्याने तेथेच नमूद केले.

मूल नसलेली विवाहित स्त्री! ही ओळ मी प्रथम वाचली तेव्हा पुस्तक मिटून बसलो होतो. त्याचे कारण सांगतो.

मी नववीत असताना आमच्या वाड्यात माझ्या चुलतभावाची बायको होती. चंदगडकडची. लग्नाला सहा वर्षे झाली होती, मूल नव्हते. मला पुस्तकांचा नाद म्हणून तिची माझी गट्टी होती. शाळेच्या वाटेवर टपालपेटी होती. ती आईला पत्र लिही आणि कोणाला न सांगता माझ्या दप्तरात घाली. दोन-तीनदा पत्रे उघडीच होती, मी वाचली. प्रत्येकात एकच मागणी, मला थोडे दिवस घेऊन जा. पंचमीला तिची आई आली, रात्रभर राहिली, आणि “आता हेच तुझे घर, बाई” असे म्हणून एकटीच परत गेली. घरात तोवर दुसऱ्या सोयरिकीची बोलणी उघड सुरू झाली होती. पुढच्या महिन्यात वहिनी गेली.

पंचनामा आमच्या सोप्यात झाला. घरच्या मोठ्या माणसांनी सांगितले ते लिहून घेण्यात आले, ‘पोटाच्या विकारास कंटाळून’. मी खांबाआड उभा होतो. तिचे पोट कधी दुखल्याचे मला ठाऊक नव्हते. पत्रांचे मात्र ठाऊक होते. मी बोललो नाही. मला कोणी विचारलेही नाही. चौदा वर्षांच्या पोराला कोण विचारतो, असे मी पुढे स्वतःला पुष्कळदा समजावले आहे. पण कारणाचा रकाना कसा भरला जातो हे मला दुर्खीम वाचण्याच्या आधीपासून माहीत होते, एवढे खरे.

तळटीप की प्रकरण?

माझे म्हणणे एवढेच आहे की, दुर्खीमच्या युरोपात जी तळटीप होती ते आपल्या समाजात मुख्य प्रकरण आहे. हे केवळ एका घराच्या आठवणीवरून म्हणत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ साली भारतात १,७०,९२४ आत्महत्या नोंदल्या गेल्या. त्यांत ४८,१७२ स्त्रिया होत्या आणि त्यांपैकी निम्म्याहून अधिक गृहिणी होत्या. विवाह आणि कुटुंब माणसाला तारतात हा दुर्खीमचा निष्कर्ष आपण पाठ करतो. मग घर सांभाळणाऱ्या स्त्रियांचाच आकडा एवढा मोठा कसा? खुद्द दुर्खीमच्या तक्त्यांतही उत्तराचा धागा आहे. विवाहाचे संरक्षण पुरुषाला जास्त आणि स्त्रीला कमी मिळते, आणि मूल नसलेल्या विवाहितांत आत्महत्येचे प्रमाण त्याच वयाच्या अविवाहित स्त्रियांपेक्षाही अधिक, असे त्याला आढळले होते. धागा हाती होता. तो त्याने पुरता ओढला नाही.

आता सतीकडे परत येऊ. विधवा नवऱ्यासाठी स्वतःला विसरते, म्हणून परार्थवादी, असे दुर्खीमने दुरून पाहून ठरवले. जवळून पाहणाऱ्याला काय दिसेल? माहेर परके झालेले, सासरी अन्नाला महाग, केशवपन, पुनर्विवाहाला बंदी. जिला जगण्याचे सर्व दरवाजे बंद, तिने उरलेल्या दारातून जाणे याला त्याग म्हणावे की कोंडी? माझ्या मते हे उदाहरण दुसऱ्या प्रकरणातून काढून त्या तळटीपेत घातले पाहिजे.

आपल्याकडे हे ओळखणारी माणसे दुर्खीमच्या आधी होऊन गेली. जोतीराव फुल्यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. फसलेल्या विधवेपुढे तेव्हा दोनच वाटा असत, मूल मारणे किंवा स्वतः मरणे. जोतीराव व सावित्रीबाई यांनी अशा बाईला उपदेश केला नाही. गुप्तपणे येऊन सुखरूप बाळंत होता येईल अशी तिसरी वाट करून दिली. अशाच एका विधवेचा मुलगा यशवंत, त्याला त्यांनी दत्तक घेतले. १८८१ साली सुरतेकडील एका विधवेला बालहत्येबद्दल शिक्षा झाली. त्यावर वर्तमानपत्रांतून स्त्रीजातीला दूषणे दिली गेली, तेव्हा बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहून दोष बाईच्या स्वभावात नसून तिच्यावर लादलेल्या रूढीत आहे असे ठणकावून सांगितले. आकडेवारी त्यांच्याजवळ नव्हती. पण कृत्याचे मूळ समाजात पाहणारी समाजशास्त्रीय दृष्टी मात्र होती.

कायद्यालाही पुढे ही दृष्टी आली. १९८३ साली पुराव्याच्या कायद्यात अशी तरतूद झाली की, लग्नापासून सात वर्षांच्या आत विवाहितेने आत्महत्या केली आणि सासरी तिचा छळ झाल्याचे दिसून आले, तर पती वा सासरच्या मंडळींनी तिला प्रवृत्त केले असे न्यायालय गृहीत धरू शकते. म्हणजे तिच्या मनात काय होते एवढ्यावर न थांबता तिच्या घरात काय होते हेही पाहा, असे कायदा सांगू लागला.

बंद दाराची ही कल्पना विवाहितेपुरती मर्यादित नाही. शेतकऱ्याच्या आत्महत्येत बाजारभावाच्या लहरीमुळे येणारी नियमशून्यता आहे आणि कर्जाने चहूकडून घातलेला वेढाही आहे. दोन्ही प्रकार तेथे एकमेकांत मिसळतात. विद्यार्थ्यांचे पाहा. २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याची नोंद आहे. एका परीक्षेवर सारे आयुष्य टांगलेले आहे असे घर, शाळा आणि शिकवणीवर्ग मिळून मुलाला पटवून देतात. वस्तुतः भवितव्य बंद झालेले नसते. ते बंद झाल्याचा भास त्याच्याभोवती उभा केला जातो.

मर्यादा

एवढे असले तरी दुर्खीमला डोक्यावर घेऊन नाचणे हे समाजशास्त्र नव्हे. त्याच्यावरील एक आक्षेप फार मर्माचा आहे. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ जॅक डग्लस याने १९६७ साली विचारले की, मृत्यूचे कारण ठरवताना अंमलदारावर विश्वास नाही, तर हा मृत्यू आत्महत्याच होय हे ठरवताना त्याच्यावर विश्वास का? जेथे बेअब्रूची भीती जास्त तेथे लपवाछपवी जास्त आणि नोंद कमी. आपल्याकडे हे स्पष्ट दिसले आहे. २०१० साली सरकारी नोंदीत सुमारे १,३४,६०० आत्महत्या होत्या. घरोघरच्या मृत्यूंच्या चौकशीवर आधारलेल्या आणि २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने त्याच वर्षाचा आकडा सुमारे १,८७,००० काढला. त्याच अभ्यासात आत्महत्या केलेल्या स्त्रियांपैकी ५६ टक्के १५ ते २९ वयाच्या होत्या. लपवण्याला कायद्याचीही भर होती. आत्महत्येचा प्रयत्न हा दंड संहितेच्या कलम ३०९ खाली गुन्हा होता. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने असा माणूस तीव्र ताणाखाली होता असे मानावे आणि त्याला शिक्षा नव्हे तर उपचार द्यावेत, असे ठरवले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते जुने कलम राहिले नाही.

दुसरी मर्यादा अशी की, मनाच्या आजाराला दुर्खीमने फार लवकर निकालात काढले. नैराश्य हा खरा आजार आहे आणि त्यावर उपचार होतात, हे आज आपण जाणतो. एका आत्महत्येला एकच कारण कधीच नसते. समाज कोंडी करतो, आजार ती अधिक घट्ट करतो. त्याच कोंडीत असलेली बहुसंख्य माणसे जगतात, मार्ग काढतात, हेही विसरू नये. दुर्खीमचा नियम प्रमाणाला लागू आहे. कोणा एकाचे भवितव्य त्यात लिहिलेले नाही.

मग करायचे काय?

दुर्खीमचा उपाय असा होता की, एकटी व्यक्ती आणि दूरचे सरकार यांच्यामध्ये माणसाला धरून ठेवणारे गट असावेत. त्याने व्यवसायसंघ सुचवले. चौथ्या प्रकारावर मात्र त्याने उपाय सांगितला नाही. तो आपल्याला सांगावा लागेल, आणि तो फुल्यांनी दाखवलेलाच आहे: आणखी एक दार उघडा. याची साधी उदाहरणे आजही आहेत. महाराष्ट्रात २०१५ पासून दहावीत नापास झालेल्यांची फेरपरीक्षा लगेच जुलैत होऊ लागली. नापास झाला तर वर्ष गेलेच, ही भीती त्या एका निर्णयाने कमी झाली. यात कोणाला समुपदेशन केलेले नाही की व्याख्यान दिलेले नाही. फक्त वेळापत्रक बदलले आहे. समाजशास्त्राचा उपाय असा असतो. माहेरचे दार लग्नानंतरही मुलीला उघडे ठेवणे हाही तसाच उपाय आहे, आणि त्यासाठी सरकारी ठरावाची गरज नाही.

तुमच्यापैकी कोणाला असे वाटत असेल की आपल्यापुढे वाट नाही, तर ते एकट्याने सोसू नका. मित्राला, घरच्यांपैकी ज्याच्यावर भरवसा आहे त्याला, आम्हा शिक्षकांपैकी कोणालाही सांगा. ‘टेली मानस’ ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य उपलब्ध आहे. तेथे मराठीतही बोलता येते आणि कन्नडमध्येही. आणि कोणी दुसरा तसे बोलून दाखवत असेल तर त्याला हसू नका, उपदेश करू नका. त्याचे ऐकून घ्या, त्याला सरळ विचारा, आणि त्याला एकटे सोडू नका.

दरवर्षी उत्तरपत्रिका तपासताना चौथ्या प्रकारापुढे ‘हा प्रकार महत्त्वाचा नाही’ असे वाक्य मला आढळते. पुस्तकात तसेच आहे, म्हणून मी गुण कापत नाही. पण समासात लाल शाईने एक प्रश्न लिहितो, “कोणाच्या दृष्टीने?” या प्रश्नाचे उत्तर शोधायला ग्रंथालयात जावे लागत नाही. आपल्या गावातल्या, आपल्या गल्लीतल्या एखाद्या जुन्या पंचनाम्यातला कारणाचा रकाना आठवावा, आणि तो भरला जात असताना तेथे कोण कोण गप्प उभे होते तेही आठवावे.